एकशेसाठ मीटरचं मौन

अट-बाशी, ५ नोव्हेंबर

प्रिय शेंडेफळ भावोजी,

पत्र बघून घाबरू नका, कोणी मेलेलं नाही. तसं काही असतं तर सरळ फोन केला असता, मेलेल्या माणसाला दिलेली शपथ कोण पाळतं. पण तुमचे दादा जिवंत आहेत, आणि आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवसानंतर त्यांनी मला नानवर हात ठेवायला लावून वदवून घेतलंय की मी तुम्हाला फोन करणार नाही. पत्राचं त्यांना सुचलं नाही. म्हणून लिहिते. उत्तर पोस्टातल्या रिसबुबूच्या नावाने पाठवा, ती माझी मैत्रीण आहे आणि तिच्या पोटात गोष्ट राहते. निदान आठवडाभर तरी.

आता मुद्द्याचं. तुम्ही दोघे भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नाही हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. पण हिवाळा लागला की उजाडताना तुम्ही दोघे रेडिओवर मोर्समध्ये टकटक करता, हे मला एकटीला ठाऊक आहे. एकशेसाठ मीटरच्या लहरींचा तो तुमचा बँड. तुमच्या मुर्मान्स्कमध्ये तेव्हा काळोख असतो, इकडे डोंगरावर उजेड येत असतो, आणि त्या जरा वेळात चार हजार किलोमीटर पलीकडचं ऐकू येतं म्हणे. बोलायचं काय, तर आपापल्या नावाचा संकेत, समोरच्याचा आवाज नऊपैकी किती ते, आणि राम राम. भांडण झालंय ना, मग जास्त कशाला. पण तेवढ्यावर हा माणूस दिवसभर खुशीत असायचा. मेंढ्यांना चारा घालताना शिट्टी मारायचा. मी विचारलं की म्हणायचा, "आज बँड बरा होता." भाऊ बरा आहे असं म्हणायचं असायचं ते मला कळायचं, पण मी आपली म्हणायची, "हो का, बरा होता का."

यंदा काहीच नाही. थंडी पडली, दूध गोठायला लागलं, आणि बँड ठप्प. म्हणतात सूर्यावर डाग फार पडलेत. असतील. माझं म्हणणं एवढंच आहे की तुमच्या बाजूची एरियलची तार बिर तपासा, आणि एकदा आवाज पोचवा. त्याचं काय आहे, बिश्केकच्या डॉक्टरांनी यांच्या छातीतली एक झडप बदलायची म्हटलंय. किरकोळ काम आहे. याच महिन्याची तारीख दिली आहे. पण हे हलायला तयार नाहीत. म्हणतात, "बँड उघडू दे, मग जाऊ. मी तिकडे दवाखान्यात आणि नेमकी त्याच दिवशी त्याने हाक मारली तर? उत्तर नाही मिळालं की त्याला वाटेल मी गेलो."

मी म्हटलं, "फोन करून सांगा की मग, जातोय म्हणून."

"कोणाला?" म्हणाले, आणि चहा मागितला.

तेव्हा भावोजी, मोठ्या मनाने एकदा यांच्या कानावर पडा. जेवण वेळेवर घेत जा.

तुमची वहिनी,
कालिपा

•

अट-बाशी, २ डिसेंबर

भावोजी,

पत्र मिळालं. रिसबुबूने ते पिठाच्या पिशवीत घालून आणलं, त्यामुळे तुमचं अर्धं अक्षर आधी झटकावं लागलं. तुम्ही लिहिता, "वहिनी, मी रोज सकाळी हेडफोन कानाला लावून बसतो, काही येत नाही, आमच्या आकाशात हिरव्या उजेडाचे पडदे नाचतायत, ते असले की सगळं गिळून टाकतात." बरं. तुम्ही ठणठणीत आहात हे वाचून मी न्हाणीघरात जाऊन रडले. आता मला कळलं, पण यांना सांगू कसं? सांगितलं की विचारतील, कुठून कळलं. तरी मी एक करून पाहिलं. सकाळी म्हटलं, "मला स्वप्न पडलं, भावोजी दिसले, तब्येत छान होती."

हे म्हणाले, "आवाज नऊपैकी किती होता?"

स्वप्नातही आकडा हवा या माणसाला.

बिश्केकची तारीख गेली. दुसरी मिळेल म्हणाल्या डॉक्टर, पण आवाजात गोडवा नव्हता.

इकडे यांनी सूर्याला सोडून गावाला धरलंय. म्हणतात, डाग आहेत ते आहेतच, पण गावातले दिवे, चार्जर, काय काय बँडवर घाण करतात आणि त्या खरखरीत बारीक आवाज बुडतो. हातात छोटा रेडिओ घेऊन घरोघर फिरतात. वासावर असल्यासारखे दारात थांबतात आणि म्हणतात, "फ्रीज बंद करा." लोक बिचारे करतात, शाळेत यांच्या हाताखाली शिकलेले ना सगळे. शेवटी शारशेनच्या अंगणात सापडलं. शारशेन म्हणजे आपला शेजारी, तुम्ही बोटींवर गेलात तेव्हा सैन्यातून नुकता आला होता, आता आजोबा झालाय. त्याने लांडग्यांसाठी कोंडवाड्याला विजेची तार लावली आहे, ती टिक टिक करते.

हे म्हणाले, "बंद कर."

शारशेन म्हणाला, "आके, मेंढ्या लांडगे नेतील."

"उजाडताना लांडगे येत नाहीत."

"लांडग्यांना सांगितलंत का तुम्ही?"

शेवटी तोड निघाली ती अशी, की उजाडताना तार बंद राहील आणि तेवढा वेळ शारशेन काठी घेऊन कोंडवाड्यापाशी उभा राहील. उणे पंचवीसमध्ये. त्याची बायको मला आता बघितलं की खिडकी लावते. मी तिला कत्तमाच्या पोळ्या करून नेल्या, लोण्यात भिजवून, तरी तोंड वाकडंच.

आणि एवढं करून बँडवर काय? काही नाही. पूर्वी म्हणे बाजार भरायचा, ओश, चिमकेंट, कुठून कुठून लोक यायचे. आता सगळे फोनला चिकटले. चिमकेंटचे एक म्हातारे तेवढे असायचे, तेही गेल्या वर्षापासून गप्प आहेत, आणि का ते विचारायची यांना हिंमत होत नाही. हे मला म्हणाले, "रिकाम्या खोलीत बसल्यासारखं वाटतं गं." मग उठून कोळसे टाकायला गेले. यांना बोलायची सवय नाही असं, मला बरं नाही वाटलं.

जास्तीची तार लावता येते का बघा.

कालिपा

•

अट-बाशी, २७ डिसेंबर

भावोजी,

हे पत्र मी रागात लिहिते आहे, तेव्हा खुशाली वगैरे नंतर.

आज सकाळी चहा घेऊन यांच्या खोलीत गेले. एरवी मी दाराशीच चहाची वाटी ठेवते, कारण आत गेलं की हात वर करून गप्प करतात. आज आत गेले. हे हेडफोन कानाला लावून, डोळे मिटून बसलेले. उजवा हात मांडीवर, डावा हात दाढीत. आणि समोर मोर्सचा तो दांडा, ज्याने हाक मारायची, त्याच्यावर कोळ्याने जाळं विणलेलं. कालपरवाचं नाही, चांगलं भरलेलं, त्यात माशी होती.

मी म्हटलं, "अहो, हे काय?"

"शूः."

"शू नाही. तुम्ही रोज इथे बसून करता काय?"

"ऐकतो."

"आणि हाक कधी मारता?"

यांनी हेडफोन काढला आणि मी पाचवीतली ढ मुलगी असल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "हाक मी का मारू? धाकट्याने आधी सलाम करायचा असतो. कायम तोच आधी हाक मारतो. मी उत्तर देतो."

"आणि यंदा त्याने नाही मारली तर?"

"मारत असणार. पोचत नाही. बँड खराब आहे."

मी तशीच चुलीपाशी आले आणि तुमचं पत्र पिठाच्या डब्यातून काढून पुन्हा वाचलं. "कानाला लावून बसतो." "वाट बघतो." "काही येत नाही." चार पानांत एकदाही लिहिलेलं नाही की मी हाक मारतो.

भावोजी, खरं सांगा. तुम्ही पण नुसते ऐकताय का?

म्हणजे शारशेन तिकडे काठी घेऊन गोठतोय, गावाचे फ्रीज बंद, मी सूर्याला शिव्या देते आहे, आणि तुम्ही दोघे शहाणे चार हजार किलोमीटरच्या दोन टोकांना कान देऊन बसलाय, दुसरा कधी बोलतो म्हणून. बँड खराब असेल, मी नाही म्हणत नाही. पण बोललंच नाही कोणी तर चांगल्या बँडने तरी काय ऐकवायचं होतं?

ताबडतोब उत्तर द्या. नाहीतर पत्र वाचलं की त्याच सकाळी हाक मारा, तेच उत्तर समजेन.

कालिपा

•

अट-बाशी, २४ जानेवारी

भावोजी,

तुमचं उत्तर वाचलं आणि मला आधी हसू आलं, मग कपाळावर हात मारून घेतला.

तर गोष्ट अशी, की गेल्या मार्चमध्ये, हिवाळ्यातल्या शेवटच्या भेटीत, तुम्ही दादांना नऊपैकी नऊ दिलेत आणि दादांनी तुम्हाला नऊपैकी तीन दिले. "इतकी वर्षं मीच आधी हाक मारली वहिनी, आणि मला तीन? मी नव्या तारेसाठी छपरावर चढलो होतो. आता एकदा त्यांनी मारावी." साठी उलटलेला माणूस तुम्ही. बोटींवर वादळात माणसं वाचवायचे संदेश पाठवलेत, आणि तीनवर रुसलात.

मी यांना आडून विचारलं, "आवाज नसेल तरी कोणी कोणाला नऊ देतं का हो?"

"देतात. सगळे देतात. सभ्यपणा म्हणून."

"मग तुम्ही?"

"मी खोटं देत नाही. भावाला तर मुळीच नाही."

आता तुम्हीच ठरवा यात अपमान कुठला आणि मान कुठला. मला विचाराल तर त्या माणसाने आयुष्यात तुम्हाला दिलेली सगळ्यात प्रेमाची गोष्ट ती तीन होती. पण तुम्ही तरी कुठे कमी. आईच्या चाळिसाव्याला तुम्ही उशिरा आलात, दारात उभे राहिलात, आणि हे म्हणाले, "पाहुणे आलेत, चहा द्या." ते बोलायला नको होतं, हे मी तेव्हाच त्यांना म्हटलं. पण शेंडेफळाने घरात राहायचं, आईबापांची चूल सांभाळायची, हा रिवाज. तुम्ही बोटींवर गेलात, आणि चूल थोरल्याच्या गळ्यात आली. त्यांना पण कुठेतरी जायचं होतं भावोजी. लेनिनग्राडच्या रेडिओ शाळेचा कागद आला होता. तुम्हाला ठाऊक नसेल, त्यांनी तो कोणाला दाखवला नाही. तर 'पाहुणे' ऐकून तुम्ही टोपी घातलीत आणि न जेवता गेलात. मी शिजवलेलं होतं सगळं. त्याचा राग मला अजून आहे, तो वेगळा.

आता जे लिहायचं टाळत होते ते. झडपेचं काम किरकोळ नाही. मागच्या बुधवारी हे हौदापाशी बर्फ फोडताना पडले. शारशेनने उचलून आणलं. तोंड निळं होतं, नखं निळी होती. मी डॉक्टरांना फोन लावला, त्या म्हणाल्या, "कालिपा-एजे, फेब्रुवारीतली तारीख देते. यानंतर मी देणार नाही, कारण तोवर गरज उरणार नाही." असंच म्हणाल्या. उन्हाळा बघायचा असेल तर आणा म्हणाल्या.

मी यांच्यापुढे रडले, ओरडले, बांगडी फेकली. हे म्हणतात, "उद्या बँड उघडेल."

पत्र तुमच्याकडे पोचायला दोन आठवडे, उत्तर यायला आणखी दोन. तारीख त्याच्या आधीची आहे. तरी लिहिते, कारण दुसरं काय करू ते सुचत नाही. शपथ मोडून फोन लावला काल, पहिल्यांदाच. तो नंबर आता कुठल्यातरी मासळीच्या दुकानाचा आहे. बाई चांगली होती, कॉड हवा का विचारलं.

कालिपा

•

अट-बाशी, ६ फेब्रुवारी

भावोजी,

मागचं पत्र एक-दोन दिवसांत तुमच्या हाती पडेल. काल सकाळी तिकडे तुम्हाला काय ऐकू आलं ते तुम्हाला ठाऊक. इकडे काय झालं ते सांगते.

हे बाहेर गेले होते, शारशेनला तार बंद कर म्हणून सांगायला. हल्ली त्या वीस पावलांना त्यांना फार वेळ लागतो, मध्ये कुंपण धरून उभे राहतात. मी खिडकीतून बघत होते. माणूस कुंपण धरून उभा, आणि तोंड रेडिओच्या खोलीकडे, कोणी हाक मारली तर चुकू नये म्हणून. मला इतका संताप आला, की मी चुलीवरचं तसंच सोडून त्या खोलीत गेले, हेडफोनची वायर उपटली, आवाज मोठ्यावर केला, जाळं पुसलं आणि खुर्चीत बसले.

मला मोर्स येत नाही. पण तुम्हा दोघांचे संकेत मी भिंतीपलीकडून चाळीस वर्षं ऐकते आहे. पोरं त्यावर झोपायची. कणीक मळताना माझी मूठ आपोआप तसं मळते. तर आधी तुमचा संकेत, मग यांचा. पुन्हा तुमचा, पुन्हा यांचा. दांडा माझ्या हाताला कडक वाटला, पोळपाटावर लाटल्यासारखं जोर देऊन मारलं. मग हात काढला आणि नुसती खरखर.

मग तुम्ही आलात. लगेच. म्हणजे तुम्ही तिथेच होता, बोट दांड्यावर ठेवून. आवाज इतका बारीक की मी श्वास घेतला तेव्हा बुडाला, पण तुमचा संकेत होता. मग तुम्ही भरभर काहीतरी मारायला लागलात, ते मला कळेना. तेच तेच पुन्हा. थांबत नव्हता तुम्ही.

दारात हे उभे. टोपीवर बर्फ.

"कोणी हात लावला दांड्याला?" म्हणाले. "परवाना आहे का तुझ्याकडे?"

भावोजी, मरायला टेकलेला माणूस, आणि परवाना.

मी म्हटलं, "परवान्याचं नंतर बघू. ते काय म्हणतायत ते सांगा."

हे ऐकायला लागले आणि तोंड उतरत गेलं. भिंत धरून खुर्चीपर्यंत आले. म्हणाले, "तो विचारतोय, हा हात कोणाचा. दादा कुठे. हा हात कोणाचा, दादा कुठे. त्याला वाटतंय मी गेलो."

मी उठले, हे बसले. एरवी मोजून मापून मारतात तसं आलंच नाही. त्यांनी काय मारलं ते मी नंतर विचारून घेतलं. संकेत मारला नाही. आवाज किती ते सांगितलं नाही. नुसतं, "इथेच आहे. इथेच आहे रे." नऊ वर्षांत पहिल्यांदा तुमच्याशी शब्द बोलले. मग दांड्यावरून हात काढला, आणि तुमच्याकडून काही येईना. बँड गेला का म्हणून मी विचारलं, तर हे म्हणाले, "नाही. बँड आहे. तोच मारत नाहीये." आणि डोळे पुसले. तुम्ही तिकडे काय करत होता ते मी विचारत नाही.

त्यानंतर तुम्ही बराच वेळ बोललात. मी स्वयंपाकघरात होते, दूध उतू गेलं होतं. शेवटी यांनी तुम्हाला नऊपैकी दोन दिले, हे मी ऐकलं. मी दारातून म्हटलं, "अहो, एक तरी वाढवा." तर म्हणाले, "दोनच होते. पण प्रत्येक अक्षर कळलं."

सामान बांधलंय. सोमवारी शारशेन आम्हाला गाडीने बिश्केकला नेणार. त्याची बायको स्वतः बूरसोक तळून घेऊन आली, बँड उघडला, आता नवरा घरात झोपेल म्हणून.

कालिपा

•

बिश्केक, दवाखाना, तिसरा मजला, २० फेब्रुवारी

भावोजी,

तुम्हाला वर सोडत नाहीत म्हणून ही चिठ्ठी नर्सच्या हाती देते. सर्दीची साथ आहे, सोबतीला एकच माणूस ठेवतात, आणि ते मी आहे. रखवालदाराशी वाद घालू नका, तो माझ्यापुढे पण हरलेला नाही.

ऑपरेशन झालं. चांगलं झालं. तीन दिवस मला वाटत होतं की काही खरं नाही, आता वाटतं आहे. काल शुद्धीत नीट बोलले. पहिलं वाक्य असं, "त्याने मला नऊ दिले ते खरे होते की सभ्यपणाचे?" तुमचा निरोप रिसबुबूने मला फोनवर सांगितलाच होता, तेव्हा मी म्हटलं, तुम्हीच विचारा, माणूस विमानात बसलाय. तर रात्रभर "कुठलं विमान, कितीचं विमान" करून डोकं खाल्लं.

तुमची धुरातली मासळी मिळाली. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, त्यामुळे ती नर्स लोकांनी खाल्ली आणि आता आमच्याशी फार प्रेमाने वागतात. दुसरी असेल तर पाठवा.

आता नीट वाचा. झाडांजवळच्या बाकापाशी आहात तिथेच थांबा. तिथून वर तिसऱ्या मजल्यावर बघितलंत की पडदा नसलेली एकच खिडकी आहे, तिच्यात आम्ही. हे आज पहिल्यांदा खिडकीपर्यंत चालत आलेत, माझ्या खांद्यावर भार टाकून. तुम्ही दिसताय. टोपी तीच आहे का हो, असं विचारतायत. म्हातारा झाला, असंही म्हणतायत, जसे स्वतः पंचविशीतले.

मी म्हटलं, दिसले ना, मग हात करा. म्हणतात, "बघू दे त्याला, तो करेल." मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा सुरू. आणि छाती शिवलेली असल्यामुळे खांद्याच्या वर हात न्यायला यांना बंदीच आहे, तेव्हा भावोजी, तुम्हीच आधी करा, असं लिहायला बसले होते.

पण आता लिहिता लिहिता बघते तर यांनीच केलाय. सरळ वर, डोक्याच्या वर. तुम्ही तिकडे खाली मान घालून पिशवीत काहीतरी शोधताय. मी म्हटलं खाली घ्या, टाके ताणतील. नर्स म्हणाली खाली घ्या. घेत नाहीत. दुखतंय, तोंडावरून दिसतंय, तरी घेत नाहीत.

पिशवी ठेवा भावोजी. वर बघा.